उजव्या शिफ्टवरचं बोट

कीबोर्ड उलटा करून टेबलावर दोनदा आपटला की आतून काय काय पडतं, हे टायपिंगचा क्लास चालवणाऱ्यालाच ठाऊक. तीळ, चिवड्यातले पोहे, टिकल्या, हेअरपिना आणि सोलापुरात हमखास शेंगाचटणी. मुद्दाम कुणी टाकत नाही. रोज थोडं थोडं आत जातं आणि साठतं. आमच्या क्लासातले किस्सेही असेच साठलेत. फरक एवढाच, की कीबोर्ड आपटला की मोकळा होतो, मी होत नाही. काही किस्से आठवले की अजून डोक्यात तिडीक उठते.

क्लास सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. आधी बारा टाइपरायटर होते, आता बारा कॉम्प्युटर आहेत. मला सगळे नुसतं 'मॅडम' म्हणतात. रफिकभाई पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले, रफिकभाई राहिले. आता ते निम्म्या शहराचे कॉम्प्युटर बघतात आणि आठवड्यातून एकदा माझ्याकडे चहाला येतात.

किस्से ज्या एका गोष्टीभोवती फिरतात ती आधी सांगून टाकते. कॉम्प्युटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्डच्या दोन पट्ट्या असतात. बटण दाबून धरलं तर तेच अक्षर पुन्हा उमटायला किती वेळाने सुरुवात व्हावी, हे वरची पट्टी ठरवते. सुरुवात झाल्यावर ते किती भरभर उमटावं, हे खालची. उजवीकडे नेली की घाई, डावीकडे नेली की सबुरी. माऊसने पट्टी सरकवायची, खालच्या चौकटीत एक बटण दाबून बघायचं आणि ओके म्हणायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. या अर्ध्या मिनिटासाठी माणसं माणसांना किती छळू शकतात, ते ऐका.

*

शहरातल्या क्लासवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एकदा कुणीतरी टाकलं: 'कीबोर्डच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण उजवीकडे सरकवा. विद्यार्थ्यांचा स्पीड वाढतो. अनुभव घ्या.'

खाली अंगठ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, 'आमच्या तीन मुली पास.' त्या मुली आदल्या वर्षी पास झाल्या होत्या, पण ग्रुपवर वर्ष कोण विचारतो?

उजवीकडे सरकवलं की स्पीड वाढतो म्हणे! अहो, बोटं मुलांची, पट्टी कॉम्प्युटरची. पट्टी सरकवून बोटं पळायला लागली असती तर मी क्लास कशाला काढला असता? पण तेव्हा हा प्रश्न कुणालाच पडला नाही. आठवड्याभरात गावातल्या झाडून सगळ्या पट्ट्या उजवीकडे गेल्या. क्लासांतल्या गेल्या, परीक्षा केंद्रावरच्या गेल्या.

माझ्याही गेल्या. खोटं कशाला बोलू? बाराच्या बारा मशीनवर मी स्वतःच्या हाताने सरकवल्या आणि वर ग्रुपवर अंगठाही दिला.

*

देशमाने काकांना पहिला प्रसाद मिळाला. काका रिटायर्ड टायपिस्ट. तीस-पस्तीस वर्षं टाइपरायटर बडवलेला माणूस. त्या मशीनची चावी जोर लावल्याशिवाय उठायची नाही, म्हणून ते अजूनही प्रत्येक बटण दाबतात ते खिळा ठोकल्यासारखं. आणि जातिवंत टायपिस्ट स्वतः टाइप केलेलं बघत नाही, हा त्यांचा बाणा.

त्यांच्या बोळातलं गटार तुंबलेलं. त्याबद्दल त्यांनी एका कार्यालयात चौदा अर्ज दिले होते. सगळे सुबक, समास सोडलेले, खाली 'आपला विश्वासू'. चौदाही अर्ज कुठल्या तरी फायलीत सुखाने झोपले होते. पंधरावा अर्ज त्यांनी माझ्या क्लासात टाइप केला, पट्ट्या सरकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. न बघता प्रिंट काढली, सही ठोकली आणि नेऊन दिला.

त्यात लिहिलं होतं, 'महोदयययय, आमच्या बोळातील गटाररररर...'

तिसऱ्या दिवशी बोळात गाडी आली, दोन माणसं आली, गटार उपसलं गेलं. साहेबांनी काकांना बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, काम करतो की आम्ही. एवढं ओरडायचं काय कारण होतं?"

म्हणजे बघा. सभ्य माणसाने चौदा वेळा सभ्यपणे लिहिलं तर त्याला किंमत नाही. कीबोर्ड बिघडला तर गटार उपसतात!

पुढे मला अक्कल आली तेव्हा मी काकांना म्हटलं, "तुमच्या मशीनची पट्टी नीट करून देते."

काका म्हणाले, "राहू द्या. अजून रस्त्यावरचे दिवे बाकी आहेत."

*

काकांचं झालं ते हसण्यावारी गेलं. तीच पट्टी पद्माताईंच्या मात्र मुळावर उठली.

पद्माताईंचे मिस्टर एका सरकारी कार्यालयात क्लार्क होते. ते अचानक गेले आणि अनुकंपावर त्यांच्या जागी पद्माताईंना घेतलं. अट एकच. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंग पास व्हायचं, मिनिटाला तीस शब्द. नाही झालं तर नोकरी गेली. घरी सासू आणि शिकणाऱ्या दोन मुली. माझ्याकडे आल्या तेव्हा एक संधी हुकलेली होती आणि दोन उरल्या होत्या.

घरात तेलुगू, बाहेर मराठी. बारावी झालेल्या. पण लग्नाआधीपासून नोकरी लागेपर्यंत, सोळा वर्षं, विड्या वळलेल्या. विडीचं पान गुंडाळलं की दोरा बसेपर्यंत बोट सोडायचं नसतं. सोडलं की विडी उलगडते, आणि उलगडलेली विडी कारखान्यात कुणी घेत नाही. त्या बोटांना हे इतकं मुरलेलं, की कीबोर्डचं बटण दाबलं तरी बोट जरासं रेंगाळायचं. फार नाही, एक कणभर. पण पट्टी पूर्ण उजवीकडे असलेल्या मशीनला तेवढं पुरे होतं. एका 'क'चे तीन 'क' व्हायचे.

मी रोज ओरडायचे, "पद्माताई, बोट उचला."

त्या म्हणायच्या, "उचलतेच की, मॅडम."

"कुठे उचलता? हे बघा तीन-तीन आलेत. विडी नाही ही, कीबोर्ड आहे."

हे वाक्य मी बोलले. चारचौघांत बोलले. चार महिने या ना त्या शब्दांत बोलत राहिले. एकदा तर टेबलावर फूटपट्टी आपटली. त्या खाली मान घालून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायच्या.

एका गुरुवारी रफिकभाई पंख्याचं रेग्युलेटर बघायला आले होते. ते पद्माताईंच्या मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, बोट तर बराबर चालतंय. बोटाला कशाला बोलताय रोज?" त्यांनी माऊस घेतला, कंट्रोल पॅनेल उघडलं आणि वरची पट्टी सरळ डाव्या टोकाला नेऊन ठेवली.

पद्माताईंनी अख्खं पान टाइप केलं. एक अक्षर जादा आलं नाही.

त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे, मग माझ्याकडे. "म्हंजे माझं बोट चांगलंच होतं व्हय, मॅडम?"

चार महिने मी एका बाईच्या बोटांचा उद्धार करत होते, आणि खोट मी स्वतःच माऊसने सरकवून ठेवली होती. त्या दिवशी मला माझाच जितका राग आला, तितका आजवर कुणाचा आलेला नाही. ग्रुपवर जाऊन मी अंगठा काढून घेतला. त्याने काही होत नाही, पण काढला.

*

आता बसवराज. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचा, घरी कन्नड बोलणारा, अत्यंत सोशिक मुलगा. वर्ग संपला की खुर्ची आत सरकवून जाणारा तो एकटाच.

टाइपरायटरवर आम्ही मुलांना शिकवायचो, की शिफ्टचं अक्षर आलं तर आधी शिफ्ट दाबून धरा, मग कागदाकडे बघा, मग शांतपणे अक्षर मारा. मशीनचा तो जड भाग वर उचलायला वेळ लागायचा ना! मशीनं भंगारात गेली तरी माझी जीभ तेच शिकवत राहिली. बसवराजने कॉम्प्युटरवरच्या पहिल्याच दिवशी ते तंतोतंत पाळलं. उजवी शिफ्ट दाबली आणि कागदावरचं जोडाक्षर निरखत बसला.

उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की कॉम्प्युटरला वाटतं, या माणसाच्या हाताला त्रास आहे. पीऽ करून एक चौकट येते. इंग्रजीत विचारते, की ओझरती दाबलेली बटणं मी सोडून देऊ का? आपल्याकडे चौकट वाचायची पद्धत नाही. चौकट आली की 'येस' म्हणायचं, हे सगळ्यांना जन्मतः येतं. बसवराजनेही तेच केलं. तेव्हापासून बटण चांगलं दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटेना.

कुणीही बोंब मारली असती. हा तीन दिवस एकेक अक्षर दाबून, धरून, उमटण्याची वाट बघत टाइप करत होता. तीन दिवसांत दीड पान झालं. मी बघितलं ते चौथ्या दिवशी.

"अरे, सांगायचं नाही का?"

"मला वाटलं कॉम्प्युटर असंच असते की, मॅडम. आई म्हटली होती, शहरातल्या मशीनला घाई करू नको."

आठ सेकंदांचा प्रकार त्याला समजावून मी सेटिंग बंद केलं. त्याने तीन दिवसांच्या सवयीने बटणं दाबून धरली आणि अक्षरं सटासट उमटायला लागली. तो दचकून मागे सरला. "मॅडम, हे आता लई पळतंय. पहिल्यासारखं करून द्या की."

राग कुणावर काढायचा? त्याच्यावर निघेना, म्हणून कॉम्प्युटरवर काढला. ज्याने गप्प राहून सोसलं त्याला कॉम्प्युटर तीन दिवस विचारतसुद्धा नाही, की बाबा, आता तरी बंद करू का?

पद्माताई शेजारच्याच मशीनवर होत्या. हा सगळा प्रकार त्या लक्ष देऊन बघत होत्या. "आठ सेकंद व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

*

पद्माताईंच्या ऑफिसातली गोष्ट तर ऐकवत नाही, तरी ऐका.

तिथले हेडक्लार्क येता-जाता त्यांना टोमणे मारायचे. "विड्या वळणाऱ्या हाताला टायपिंग यायचं न्हाय, बाई. हे डोक्याचं काम हाय." आणि या डोकेबाज गृहस्थांची अवस्था काय, तर एक अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबला की त्यांची अख्खी ओळ उडायची! पट्ट्या उजवीकडे. साहेबांचा भाचा कॉम्प्युटरचा कोर्स करतो, त्याने 'फास्ट' करून दिलेल्या. दर दोन मिनिटांनी ते खेकसायचे आणि गेलेली ओळ पुन्हा टाइप करायला पद्माताईंनाच बोलवायचे. त्यांच्या हाताला टायपिंग येत नाही, पण यांची उडालेली ओळ त्यांनीच भरायची, हा कुठला न्याय?

एक दिवस ते डबा खायला गेलेले असताना पद्माताईंनी त्यांची पट्टी डावीकडे करून ठेवली. कुणाला बोलल्या नाहीत.

गृहस्थ परत आले. संध्याकाळपर्यंत एकही ओळ उडाली नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या ऑफिसला सांगत सुटले, "शेवटी प्रॅक्टिस लागते. माझा आता हात बसला."

आणि पद्माताईंकडे वळून म्हणाले, "बघा जरा, शिका काहीतरी."

पद्माताईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी उठून उभी राहिले. "तुम्ही गप्प बसलात?"

"बसले की. पट्टी परत उजवीकडं करायला किती येळ लागतो, मॅडम?"

*

रफिकभाईंचाही एक किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकलेला.

नवी पेठेत कापडाचं एक दुकान. शेठच्या कॉम्प्युटरवर अक्षरं दुहेरी उमटतात म्हणून त्यांनी कीबोर्ड बदलला. तरी तेच. पुन्हा बदलला, तरी तेच. तिसरा आणला तेव्हा रफिकभाईंना बोलावणं आलं. यांनी कीबोर्डला हातही लावला नाही. माऊसने पट्टी सरकवली आणि म्हणाले, "झालं."

शेठ रागावले. "झालं काय? उघडलंसुद्धा नाही तुम्ही! आम्ही काय खुळे वाटलो?"

रफिकभाईंनी समजावलं, की शेठ, बिघाड कीबोर्डात नव्हताच, सेटिंगमध्ये होता. शेठना पटेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरा मेकॅनिक आणला. त्याने कीबोर्ड खोलला, फू-फू केलं, बंद केला. शेठ म्हणाले, "याला म्हणतात काम."

माझं डोकं फिरलं. पण रफिकभाई शांत. "मॅडम, तेव्हापासून मी शिकलो. कुठेही गेलो तरी आधी स्क्रू खोलतो, फुंकर मारतो, उलटा करून झटकतो. दाण्याचा तुकडा पडतोच, तो मालकाच्या हातात देतो. मालक खूश. मग गुपचूप पट्टी सरकवतो. स्क्रूड्रायव्हर गिऱ्हाइकासाठी, माऊस कॉम्प्युटरसाठी."

*

पद्माताईंची दुसरी संधी आली. तयारी चोख होती. माझ्याकडे मिनिटाला छत्तीस शब्द पडत होते. मी केंद्राच्या गेटपर्यंत सोडायला गेले.

आत काय झालं ते त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. मशीन समोर आलं. त्यांनी सरावासाठी दोन शब्द टाइप केले आणि तीन-तीन अक्षरं उमटली. ग्रुपवरची ती पट्टी इथेही उजवीकडेच होती. त्यांनी हात वर करून सुपरवायझरना सांगितलं, "सर, कीबोर्डचं एक सेटिंग हाय. तेवढं डावीकडं करून द्याल का?"

सुपरवायझर म्हणाले, "सेटिंगला हात लावायचा नाही. कॉपी केस होईल."

रफिकभाई त्या दिवशी केंद्रावरच होते. परीक्षेला एक मेकॅनिक व्हरांड्यात बसवून ठेवतात. पद्माताई म्हणाल्या, "मग बाहेर मेकॅनिक हाय, त्यांना बोलवा."

"मशीन बंद पडलं तरच मेकॅनिकला आत घ्यायचा नियम आहे. तुमचं मशीन चालू आहे ना? मग बसा खाली."

रफिकभाई दाराच्या जाळीतून बघत होते. पंचवीस पावलांवर माणूस बसलाय, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि नियम आडवा! पद्माताई नापास झाल्या. स्पीड पुरेसा होता. जादा अक्षरांनी गेल्या.

बाहेर त्या रडल्या नाहीत. मीच रडले. त्या म्हणाल्या, "आता एकच राहिली, मॅडम."

*

मी गप्प बसणारी नव्हे. परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज केला. लिहिलं, की परीक्षेला चष्मा लावून बसू देता ना? दिसायला त्रास आहे म्हणून काच देता, मग बोटाला पट्टी का देत नाही? उमेदवार काही प्रश्नपत्रिका मागत नाही, उत्तर मागत नाही. स्वतःच्या बोटाला साजेसं मशीन मागतेय. दुसऱ्या कुणाचं यात काही जात नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तीन ओळी. पहिली, अर्ज मिळाला. दुसरी, नियमांत तशी तरतूद नाही. तिसरी, सबब अर्ज नामंजूर.

चष्म्याचं काय, ते कुणी लिहिलंच नव्हतं. मी ते उत्तर रफिकभाईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं, चहा संपवला आणि म्हणाले, "चालू मशीनला तरतूद नाही. बंद मशीनला आहे. अजब कानून आहे."

मी अर्धा तास तोंडाचा पट्टा चालवला. तरतूद म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, सगळं बोलून घेतलं. पद्माताई कोपऱ्यातल्या मशीनवर सराव करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त थोड्या वेळाने बसवराजला हाक मारून हळू आवाजात काहीतरी विचारलं. तो उत्साहाने उजव्या हाताची करंगळी दाखवत त्यांना काही सांगत होता. मी भांडणाच्या भरात होते, लक्ष दिलं नाही.

*

तिसरी संधी. शेवटची. तेच केंद्र, तेच सुपरवायझर, व्हरांड्यात तेच रफिकभाई. मी गेटबाहेर रिक्षावाल्यांच्या स्टॉपवर उभी. पुढचं सगळं मला रफिकभाईंनी सांगितलं.

परीक्षा सुरू व्हायला दहा मिनिटं होती. उमेदवार सराव करत होते. पद्माताईंनी या वेळी हात वर केला नाही, काही मागितलं नाही. उताऱ्याचा कागद समोर धरून त्या शांतपणे वाचत बसल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी कीबोर्डवर टेकलेली.

पीऽ.

सगळा हॉल वळून बघायला लागला. सुपरवायझर धावत आले. पडद्यावर चौकट. "काय केलंत तुम्ही?"

"काही न्हाय, सर. उतारा वाचत होते."

सुपरवायझरनी चौकट वाचली नाही. त्यांनी घाईघाईने 'येस' दाबलं आणि म्हणाले, "करा सुरू."

पद्माताईंनी बटणं मारली. पडदा कोरा. पुन्हा मारली, कोरा. सुपरवायझरनी स्वतः मारून बघितली. त्यांचीही बोटं भरभर पडली आणि एकही अक्षर उमटलं नाही. पाच मिनिटं उरली. त्यांच्या कपाळावर घाम आला. जास्तीचं मशीन केंद्रात नव्हतं.

पद्माताई म्हणाल्या, "बंद पडलं वाटतं, सर."

सुपरवायझर दाराकडे तोंड करून ओरडले, "मेकॅनिक!"

रफिकभाई आत आले. घाई केली नाही. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कीबोर्डचे स्क्रू खोलले, फुंकर मारली, बंद केला, उलटा करून दोनदा झटकला. टेबलावर अर्धा शेंगदाणा पडला. तो उचलून त्यांनी सुपरवायझरच्या तळहातावर ठेवला. साहेब तो शेंगदाणा डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, तेवढ्यात रफिकभाईंचा हात माऊसवर फिरला. 'येस'ने सुरू झालेल्या सेटिंगची खूण काढली, एक पट्टी डावीकडे सरकली.

"झालं, साहेब."

सुपरवायझरनी रजिस्टर उघडलं आणि त्यात लिहिलं: 'एका उमेदवाराच्या कीबोर्डमध्ये शेंगदाणा आढळल्याने मशीन बंद. मेकॅनिककडून दुरुस्त. परीक्षा वेळेत सुरू.' खाली सही केली. शेंगदाण्याला तरतूद होती.

निकाल लागला. पद्माताई पास. एकही अक्षर जादा नाही. त्या क्लासात आल्या त्या शेंगाचटणीच्या तीन पुड्या घेऊन. एक मला, एक रफिकभाईंना, एक बसवराजला. मी दार लोटून घेतलं, त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, "खरं सांगा. त्या दिवशी तुमचं बोट शिफ्टवर इतका वेळ राहिलं कसं?"

त्यांनी पुडीचा दोरा सोडता सोडता माझ्याकडे बघितलं.

"बोट लवकर उचलत न्हाय म्हणून चार महिने तुमीच वरडत होता की, मॅडम."